न मोडलेल्या पायाचं प्लास्टर

नाही हो दादा, मोडलेलं काहीच नाही, तेच तर सांगतोय मघापासून. हे एक्स-रे बघा — हा गुडघा, हा घोटा, ही टाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी हाडं शोधून सापडायची नाहीत. आणि त्याच बाईंनी लिहून दिलंय की पोरीचं दुखणं शंभर टक्के खरं, जुनाट, फक्त दिसत नाही. ती चिठ्ठी घेऊन शाळेत गेलो. मोठ्या बाईंनी उलटून पाहिली — मागं कोरंच होतं — म्हणाल्या, चिठ्ठ्या काय, कुणीही आणतं, लिफ्टची चावी मी दिसणाऱ्या दुखण्यालाच देते. आता सोमवारपासून वार्षिक परीक्षा, वर्ग चौथ्या मजल्यावर, लिफ्टला कुलूप. पोर वर पोचली नाही तर वर्ष गेलं. म्हणून म्हणतो, प्लास्टर घाला. उजवा घ्या, डावा घ्या, माझं काही म्हणणं नाही.

हसा, हसा — पण याचा प्रयोग झालाय आधी. गेल्या महिन्यात मी घरीच पट्टी बांधली तिला, ती ताणून गुंडाळायची असते ना, तसली. काय सांगू, पट्टी बांधली आणि पोरीला लोकांनी माणसात घेतलं. बसमध्ये एक कुबडीवाले गृहस्थ उठले आणि तिला जागा दिली — स्वतः लोंबकळत उभे. शेजारच्या काकू दोन वर्षं म्हणत होत्या की पोरगी नाटकं करते, त्या फुलं घेऊन आल्या. आता गंमत ऐका. त्या दिवसांत दुखत होता उजवा, त्याला तर चादर लागलेली सोसत नाही, पट्टी कुठली बांधणार? म्हणून बांधली डाव्याला. झालं, सगळे डाव्याच्या सेवेला. खेळाचे सर म्हणाले, बाळ, सगळा भार उजव्यावर टाक. तिनं टाकला. तिची आई डाव्याखाली उशी ठेवायची. आणि मी — पट्टी मीच बांधलेली, मला ठाऊक होतं ना — तरी संध्याकाळी घरी आलो की विचारायचो, "डावा कसा आहे गं?" ती म्हणायची, "बराय बाबा." बरा असणारच, त्याला काय धाड भरली होती.

मग एका सकाळी घाईत मी उजव्याला बांधली. चूक माझी. आणि पोरगी ताकास तूर लागू देईल तर शपथ — तशीच गेली, दिवसभर तशीच बसली. पण शाळेनं पाहिलं, काल डावा होता, आज उजवा. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं, म्हणाल्या, सोंग आहे हे, पट्टी चालणार नाही, प्लास्टर असेल तर या. मग आलो. कुणाचंही दुखणं असं दुसऱ्याला दिसत नाही, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात ते काय खोटं नाही.

माझंच बघा. मी वजनकाटे तपासतो, सरकारी. नुसतं सांगितलेलं धरायचं नाही, वजन ठेवून बघायचं, मग शिक्का — वीस वर्षांची सवय. तर एकदा — हे तिच्या आईला ठाऊक नाही हं, तुम्हालाच सांगतोय — एकदा मी तिला म्हटलं, आपल्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. बंद नव्हती. पाच मजले चढवली, मी मागून घड्याळ घेऊन. एकदासुद्धा थांबली नाही. वर पोचल्यावर माझ्याकडे बघून हसली, आणि मी मनात म्हटलं, सापडली. पुढचे तीन दिवस तिला चमचा धरवेना, आई भरवत होती. हो, हातसुद्धा — ते एका जागी कुठं थांबतंय, आज घोटा, उद्या मनगट. आईला वाटलं, दुखणं आपोआप वाढलं. मी गप्प बसलो. अजून गप्पच आहे. लाज वाटते हो दादा. पण आता मला पटलंय, अगदी पक्कं, आणि म्हणूनच प्लास्टर हवं, म्हणजे पुन्हा कुणी तिची परीक्षा बघणार नाही.

बाहेरच्या बाकावर बसलीय ना ती. कुठला पाय? अहो, म्हटलं ना, कुठलाही. अं? हो, ते बरोबर आहे, दुखतंय ती जागा सोडून घालायला हवं, नाहीतर पुन्हा तेच व्हायचं. आज कुठं दुखतंय — आज बहुतेक गुडघा. नाही, गुडघा परवा होता. सकाळी मोजा घालताना जरा — नाही, ते काल. तसं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं की तिला, लिहिलंय इथंच कुठंतरी. मी म्हणजे… मी घड्याळ लावलं, एक्स-रे काढले, पट्टी बांधली. विचारलं असं — नाही, तसं नाही विचारलं. दोन वर्षांत नाही.

ते प्लास्टर पाण्यात घालू नका अजून. थांबा जरा. नको, तिला हाक नका मारू, उठायला नका लावू तिला. मीच जातो बाहेर.