चार फूट आई

हॅलो?

…कोण, ताई? बोल. तीन महिन्यांनी फोन म्हणजे फोटोचाच असणार.

फुटतोय? आईचा चेहरा? अगं, फुटणारच.

नाही, प्रिंटवाल्याची काही चूक नाही. त्यानं मलाही कळवलंय. आईच्या शाळेच्या हॉलमध्ये लावायचाय, चार फूट उंच, आज चार वाजता अनावरण… हो, हो, पत्रिका बघितली. ‘आईंची शेवटची दोन वर्षं एकटीने सेवा करणाऱ्या थोरल्या कन्येच्या हस्ते.’ एकटीने. झकास.

मी कुठे चिडले? ऐक ना. फोटोचं काय काय केलंस ते सांग.

मी मोबाइलवर पाठवलेला घेतलास. बरं. मग माझ्या बाजूनं कापलास… लाजतेस काय, कापलास ना? दोघींचा होता, एकटीचा केलास. मग?

…बहात्तर खोडून तीनशे टाकलंस. आणि वाटलं, झाला मोठा!

ताई, त्या आकड्यानं काही होत नाही. एका इंचात किती ठिपके बसवायचे, एवढंच तो सांगतो. ठिपके होते तेवढेच. मोबाइलनं आधीच बारीक केला, वर तू चारी बाजूंनी कात्री लावलीस. उंचीला उरले चारशे. चारशे ठिपके चार फूट ताणलेस की… एवढंसं पांघरूण गं. डोकं झाकलं की पाय उघडे.

हो, मूळ फाइल माझ्याकडेच. टायमर लावून मीच काढला ना. दहा सेकंदांत धावत आले, आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि खटक.

अगं, रडू नकोस. देत नाही म्हणाले का? देतेय. थेट प्रिंटवाल्याला. मशीन अडवून बसलाय बिचारा. जातोय बघ… साठ टक्के.

मूळ आकार, क्वालिटी शंभर. उंचीला साडेतीन हजार ठिपके. आईची पापणीन् पापणी मोज.

नाही गं, मी नाहीये त्यात! तू कापलंस त्याच रेषेवर कापलंय. तुझा शब्द मोडेन का मी?

हात?

हात कसा निघेल, ताई? तो आईच्या खांद्यावर आहे.

…तुझ्या फोटोतही होता. चारशे ठिपक्यांत तुला स्वेटरची चुणी वाटली. आता बोटं आहेत. चार. एकेक वीतभर. करंगळीवर भाजल्याचा डाग… आईच्या शेकाचं पाणी सांडलं होतं, तो. तुला कसा माहीत असणार? शाळेच्या मोठ्या बाईंना माहीत आहे. दर रविवारी यायच्या आईला बघायला. त्यांनीच मलम लावलं. आज पहिल्या रांगेत असतील.

विचारतील गं कुणीतरी, हात कुणाचा म्हणून. सांग की. माइक तुझ्याकडेच असेल.

पुसायला? सांगून बघ त्याला. कागद चढवलाय त्यानं… परत लहान पाठवू? लहान फुटतो, ताई.

अठ्ठ्याण्णव…

काय म्हणालीस? ‘आपण बहिणी आहोत’? दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

गेला.

चल, ठेवते. साडी काढायचीय इस्त्रीची. मी मागच्या खुर्चीवर बसेन हं, काळजी करू नकोस.

पुढे हात आहेच.