ऑक्सबोचा उधार माणूस

तर १९०६ सालचा सप्टेंबर, शेवटचा आठवडा, सफरचंदं उतरवायचे दिवस, आणि मला सांगतात, हॅल्वर, यंदा मैदानावर आडव्या मारून भागायचं नाही, उभ्याही रेघा मारा! का? तर नियम! आमच्या अमेरिकन फुटबॉलात बॉल काखेत मारून पळायचं असतं, आता तो हातानं पुढेही फेकायचा म्हणे, आणि कुठून फेकला ते कळायला चौकटी हव्यात... तुम्हाला सांगतो, कॉलेजची भट्टी मी पेटवायची, कोळसा मी ओढायचा, पोरांचे फाटके बूट मी शिवायचे, आणि वर अख्ख्या मैदानाचा जाळीदार पडदा विणायचा! मारल्या. आपलं काम रेघा मारायचं.

पोरं बारा. बारापैकी खेळाडू एक, माझा नील्स. माझा आहे म्हणून नाही म्हणत, बाकीच्या अकरांना विचारा.

पहिला सामना ऑक्सबो गावी. वाटेत गाडी बदलायची होती. एकजण तापानं घरीच, आणि आमचा ऑर्विल समोर दिसली त्या गाडीत चढला, तो गेला थेट नेब्रास्काला! लागतात अकरा, उरले दहा. ऑक्सबोचा कप्तान डिकर्सन, दांडगा गडी, म्हणू शकला असता की नाही, "जा घरी, जिंकलो आम्ही"? पण तसं म्हणाला नाही. त्यानं माणूस उसना दिला. आणि कोण दिला? कोपऱ्यातला लंगडा नव्हे, रूपर्ट दिला, त्यांचा सगळ्यांत तगडा! रूपर्टनं सदरा बदलला आणि पहिल्याच झटापटीत स्वतःच्या कप्तानाला असा आपटला की डिकर्सनचे पुढचे दोन दात गवतात. तरी आम्ही एकोणतीस गुणांनी हरलो, ते सोडा. पण आमचा कप्तान वॉरन, धर्मोपदेशकाचा मुलगा, आभाराचा एक शब्द बोलेना, म्हणून स्टेशनावर मीच म्हटलं, "याची फेड करू."

डिकर्सन रक्त पुसत हसला. "बघू की, काका!"

मग काय, हरत गेलो. पावसात हरलो, उन्हात हरलो, एकदा तर समोरच्यांची गाडी उशिरा आली, तरी हरलो! मी रेघा मारतोय, पोरं त्या अंगानं पुसतायत... प्राचार्य पेल्हॅम छत्री टेकत आले. "हॅल्वर, हाडं मोडायची ती मोडतातच, निदान एक सामना तरी जिंका म्हणावं. नाहीतर पुढल्या वर्षी फुटबॉल बंद!" मला कशाला सांगता? आपलं काम रेघा मारायचं. पण नील्सनं ते ऐकलं आणि जेवला नाही. त्या पोराला दुसरं काही येत नाही हो, आणि दुसरं काही नकोही आहे.

उरला शेवटचा सामना, नोव्हेंबरअखेरचा, थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दिवस. आमच्या मैदानावर. समोर ऑक्सबो. आणि उतरले किती? दहा! अकराव्याच्या बापाचा मका शेतात भिजत होता, बाप म्हणाला आधी कणसं सोल.

डिकर्सन आला. "काका, एक माणूस द्या."

वॉरन खूश! "ऑर्विलला घेऊन जा! त्याला पकडता येत नाही, पळता येत नाही, गाडीसुद्धा ओळखता येत नाही!"

मी म्हटलं, "त्यांनी रूपर्ट दिला होता."

"काका, तुमचं काम रेघा मारायचं!"

बरोबर आहे. पण शब्द माझा गेला होता. आणि बॉल माझ्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मी म्हटलं, "नील्स, सदरा बदल."

पोरगा पांढराफटक. "बाबा, आज हरलो तर खेळच संपला!"

"बदल."

वॉरननं आकाशातल्या बापाला काय काय सांगितलं, विचारू नका. पण गंमत बघा, सामना सुरू झाला आणि आमच्या पोरांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, वॉरननं लाथ मारली, बॉल खांबांमधून पार! चार गुण! वर्षातले पहिले! प्राचार्य छत्री फिरवायला लागले, छत्री! तिकडे डिकर्सन नील्सच्या हाती बॉलच देईना. पोराचा विश्वास काय धरायचा, बरोबर आहे. शेवटच्या मिनिटाला मात्र त्यांचे सगळे चिखलात आडवे, उभा एकटा नील्स. दिला बॉल त्याला.

सुटला! वॉरनला चुकवला, ऑर्विल तर स्वतःच बाजूला झाला, पुढे मोकळं रान, बॉल घेऊन रेघ ओलांडली की पाच गुण... आणि शेवटच्या रेघेच्या दोन पावलं अलीकडे थबकला. मी तिथंच, चुन्याची बादली घेऊन. माझ्याकडे बघतो. मागून अकरा जण धावत येतायत, तुम्हाला सांगतो, आपलेच अकरा, आणि हा बघत उभा!

मी म्हटलं, "उभा काय राहिलास? धाव."

धावला.

पाच-चार, हरलो. प्राचार्यांनी छत्री मिटली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून फुटबॉल बंद, क्रोके! लाकडी हातोडीनं गवतावर चेंडू टोलवा." वॉरन बादलीला लाथ मारून गेला. नील्स सदरा काढून घडी घालत बसला. डिकर्सन आला, दोन दात कमी असलेलं तोंड उघडलं, हात पुढे केला.

"फिटलं, काका?"

"फिटलं."