मागची शिट्टी

"कळलं तरी बोलायची नाही ती, म्हणून तर पसंत केली" — असं म्हणाल्या सासूबाई, आज सकाळी, थर्मासात चहा ओतता ओतता, आपल्या लेकाला. मी दाराबाहेर बुटांच्या नाड्या बांधत बसले होते. नाड्या बांधणाऱ्या माणसाला कान नसतात असं त्यांना का वाटावं — पण जाऊ दे, मावशी, सासर कसं आहे असं तुम्ही विचारलंत म्हणून तोंडून गेलं. चांगलं आहे. माणसं चांगली आहेत. तुम्ही पाय असा दगडावर घ्या बघू. बुटाचा तळ पार निघालाय, सुसरीनं जबडा उघडावा तसा — नाही, दोरीनं बांधून नाही भागायचं, मघाशी पाहिलंत ना. आपण इथंच बसायचं. सोपी तर फेरी आहे. जुन्या वेशीतून निघायचं, तटाच्या कडेनं पडक्या बुरुजापर्यंत, तिथून डावीकडे तळ्याच्या काठानं, पाखरं बघत बघत, आणि वळून परत या बाकापाशी. सगळं सपाट. पत्रकात बाबांनीच लिहिलंय, 'गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनीही यावे.' तुमच्या ह्यांचे, काकांचे गुडघे — हो, तेच म्हणते मी, येतील की हळूहळू. एव्हाना यायला हवे होते — म्हणजे येतीलच.

बाबा म्हणजे माझे सासरे. सगळ्यांच्या पुढे ते टोपीवाले. लोक त्यांना 'नकाशा' म्हणतात, इतकी वर्षं या वाटा तुडवल्यात त्यांनी. आणि ही शिट्टी ना, ही मागची. दोन असतात — पुढची बाबांच्या गळ्यात, मागची शेवटच्या माणसाच्या. फाटा आला की बाबा फुंकतात, 'आहात का सगळे?' मागून एकदा उत्तर गेलं की 'आहोत, चला.' उत्तर नाही आलं तर पाय जागच्या जागी. आणि तीनदा विचारूनही नाही आलं, तर अख्खी रांग वळवायची आणि आल्या पावली मागे. बाबांचा नियम, तरुणपणापासूनचा. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासूबाईंनी ही माझ्या गळ्यात घातली. माहेरहून आणलेले दागिने कपाटात आहेत, हा एकच रोज — म्हणजे दर रविवारी — वापरात. खरं सांगू, दोन महिन्यांत या घरात मी जास्तीत जास्त बोलले असेन ती या शिट्टीतूनच.

मग आता त्यांच्या मागे शिट्टी कुणाकडे? कुणाकडेच नाही. बरोबर पकडलंत. तुमचा बूट फाटला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, ही घे. तर म्हणाला, "तुझ्याकडेच राहू दे, इथूनच उत्तर देत जा, ऐकू येतं. उगाच बदल नको, बाबा गोंधळतात." गोंधळतात म्हणजे — आता वय झालं की होतंच ना थोडं. मघाशी तुमच्यादेखत दिलं की मी एक उत्तर.

थोडं म्हणजे — बघा, मी शेवटी चालते. मला सगळ्यांच्या पाठीच दिसतात. पुढे बाबांची पाठ, तिच्या मागे आईंची, म्हणजे सासूबाईंची. फाटा आला की बाबांची पाठ जराशी अडखळते, आणि आई खोकतात. एकदा खोकल्या की डावीकडे. दोनदा खोकल्या की उजवीकडे. मग बाबा काठी उचलून म्हणतात, "मंडळी, इकडून." मला आधी वाटलं, योगायोग. मग एका रविवारी आई कुणाशीतरी बोलण्यात रंगल्या आणि खोकायच्या राहिल्या — तर बाबा फाट्यावर उभे राहून सगळ्यांना एका झाडाची माहिती सांगत बसले. इतकी माहिती, की त्या झाडालाच अवघडल्यासारखं झालं असेल. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. घरात कुणी यावर चकार शब्द काढत नाही. बाबांना ठाऊक आहे, आईंना ठाऊक आहे, मुलाला ठाऊक आहे, आणि तिघं जेवताना हवापाण्याच्या गप्पा मारतात. मीही गप्प राहिले. नव्या सुनेनं काय बोलायचं — 'बाबा, तुम्ही आईंच्या खोकल्यावर चालता'? आणि हेही खरं, मावशी, की इतका मायेचा खोकला मी कुणाचा ऐकलेला नाही.

हसा, हसा, मलाही हसू येतं. यायचं. परवापर्यंत. परवा आईंना सर्दी झाली. खरीखुरी. मघाशी बघितलंत ना, रुमाल हातातून सुटत नाहीये. सकाळी तोच तर विषय होता — नवरा म्हणत होता, "आई, आजची फेरी रद्द करू, तुला खोकला आवरत नाहीये, आणि तिलाही एव्हाना कळलं असेल." त्यावर आई म्हणाल्या ते वाक्य. मग थर्मासाचं झाकण लावलं आणि निघालो सगळे.

तिथं दोनदा खोकल्या तर? उजवीकडे? बुरुजापाशी उजवीकडे काही नाही. गवत आहे. माणसाच्या डोक्यावर जाईल असं, अभयारण्याची बंद बाजू आहे ती. म्हणजे — पाणथळ आहे. वरून हिरवंगार दिसतं आणि खाली — मावशी, बसा. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. मी सांगायलाच नको होतं. काका पाय बघून टाकणारे आहेत ना? मग झालं तर.

थांबा.

ऐकलीत? पुढची शिट्टी. पण ती — तळं या हाताला आहे. या हाताकडून यायला हवी. ही बुरुजाच्या मागून आली.

नाही, मावशी, खाली बसा, एका बुटानं कुठं जाणार तुम्ही? फोनला रेंज असती तर केव्हाच लावला असता, या तटाच्या आड एक काडी येत नाही. मी धावले तरी त्या गवतात कुठून शिरू? हाक पोचत नाही, शिट्टीच पोचते — बघा, हात आपोआप तोंडाशी गेला माझा. सवय. पण मी वाजवली तर बाबांना काय कळणार? 'आहोत, चला.' आणि ते चालायला लागतील, आणखी आत. नवरा आहे तिथं, मान्य. पण तो बापाला चारचौघांत 'चुकलात' म्हणायचा नाही, जन्मात नाही. आणि आई जितकं काही सांगायला जातील तितक्या खोकत असतील.

ही धरा. धरा तुमच्याकडे, मुठीत. मी मागितली तरी देऊ नका.

दुसरी. जवळून आली का लांबून? मला नीट — तिथूनच आली ना? तिथूनच. म्हणजे हलले नाहीत. थांबलेत, मावशी. वाट विसरले, पण नियम नाही विसरले. हे माझं उत्तर न देणं घरी कसं घेतील ते नंतर बघू — तोंडातून शब्द काढला नाही म्हणून वाखाणलेली सून, तिनं शिट्टीसुद्धा काढली नाही. मूठ उघडू नका. तुम्ही रडू नका, मलाही — नाही, काही होणार नाही काकांना. अजून एक यायला हवी. एकच. का येत नाही?

तिसरी. किती लांबवलीय बघा. चिडलेत. चिडू देत.

आता गप्प बसू या.

तो पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट काकांचाच ना? बुरुजाच्या कडेला, बघा तरी. काठी टेकत येतायत. चिखल आहे पायाला, पण घोट्यापर्यंतच. घोट्यापर्यंतच आहे, मावशी. मागे बाकीचेही आहेत, ती बाबांची टोपी. आईंचा चेहरा बघा. नका बघू. तुम्ही काकांकडे बघा, आणि ती शिट्टी आता द्या माझ्याकडे.

हो आई, ऐकू आली. तिन्ही वेळा ऐकू आली. नाही, झोप नव्हती लागली. मुद्दाम नाही वाजवली. अरे, तू आई-बाबांच्या मध्ये पडू नकोस, तू मंडळींना घेऊन पुढे वेशीपाशी जा आणि चहा दे. जा ना. मला बाबांशी बोलायचंय.

बाबा, वाट चुकली होती. बुरुजापाशी डावीकडे जायचं असतं. तुमचा दोष नाही, आईंना खरंच खोकला झालाय. हो आई, मला ठाऊक आहे, पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे, आणि मी बोलणार नाही असं तुम्हाला वाटलं होतं, तेही ठाऊक आहे. बाबा, इकडे बघा. पुढच्या रविवारपासून पुढे मी चालते. तुमची शिट्टी मला द्या आणि ही मागची तुमच्या गळ्यात घाला. मी विचारीन, तुम्ही उत्तर द्यायचं. आणि तुम्ही गप्प राहिलात, तर मी जागची हलणार नाही.