दामूने निवडलेलं गाईड

पूर्णा गावचा आमचा दामू, चार गोदामांचा मालक, न्यूझीलंडला निघाला आणि गाईड निवडायला मला, म्हणजे गावच्या मास्तराला, दुकानात घेऊन गेला. तीन पुस्तकं होती: डोंगरवाटांचं, इतिहासाचं आणि हॉटेलांचं. इतिहासाचं त्यानं लगेच बाजूला सारलं.

"मास्तर, मेलेल्यांना भेटाया एवढ्या लांब कोन जातंय?"

डोंगरांचं मात्र छातीशी धरलं.

"डोंगरच बघायचेत, तर तिकडे कशाला?" मी म्हटलं.

"मंग, आपल्याकडं डोंगर हाय कुठं?"

"होता की, गावामागे. तूच फोडून गोदामांखाली भराव घातलास."

दामूनं पुस्तक गुपचूप जागेवर ठेवलं. मला वाटलं, लागलं याला.

"खरं हाय मास्तर," तो म्हणाला, "तिथला काय आपल्याला फोडाया देनार न्हाय. हॉटेलांचंच घेऊ."