पुडीचा कागद

(शुक्रवार पेठेतलं मेडिकल दुकान. गल्ल्यावर मालक कमलाकर, काउंटरशी त्यांची फार्मसिस्ट मुलगी चेतना. समोर काशम्मा.)

काशम्मा: परसाकडला काळं होतंय, काळं म्हंजे डांबरावानी, ताई. वास तर असा, की सुनेनं नाकाला पदर लावला. पित्ताची गोळी दे की एक.

चेतना: किती दिवस झाले?

काशम्मा: चार रोज. उभं ऱ्हायलं की अंधारी येती.

चेतना: रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत? त्यांनीही शौचाला काळं होतं.

काशम्मा: न्हाय गं. बीपीची एक, आन् गुडघ्याला ही पुडी. शिवयोगी वैद्याची, झाडपाल्याची. पैल्याच दिवशी दुखणं गायब! तोंड बी बघ कसं भरलंय. शेजारची सुंदरम्मा म्हनती, अक्का, नवरीवानी दिसतीस.

चेतना: भरलेलं नाही मावशी, सुजलंय. बघू ती पुडी... शी! बाबा, कागद बघितलात?

कमलाकर: कागदाचं काय एवढं?

चेतना: स्टिरॉइडच्या खोक्यात घडी घालून येतो तो हा. तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, पोटात रक्तस्राव होतो, सगळं छापलंय. आणि त्यातच पुडी बांधलीय मेल्यानं!

कमलाकर: हळू बोल. रद्दीतनं आला असेल.

चेतना: आणि पुडीतल्या हळदीत हे पांढरे कण? झाडपाल्यानं एका दिवसात गुडघा दुखायचा थांबतो होय? स्टिरॉइडनं सूज दाबायची, वेदनाशामकानं दुखणं दाबायचं. दोन्ही मिळून जठराचं अस्तर खातात. मावशी, ते काळं म्हणजे पोटातलं रक्त आहे.

काशम्मा: अय्यो शिवा! टाकते फेकून. आजपासनं बंद.

चेतना: एकदम बंद नाही करायचं. स्टिरॉइड बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडतं. अचानक तोडलं तर बीपी कोसळतं. आत्ताच दवाखान्यात जायचं, डॉक्टर ठरवतील. कधीपासून घेताय?

काशम्मा: संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरती न्हाय का, तवापासनं. चार-पाच म्हैनं झालं. दिवसाला दोन.

चेतना: बाहेर बाकावर टेका जरा. मी रिक्षा बोलावते... बाबा, एका पुडीत किती गोळ्या कुटल्यात कोण जाणे. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

कमलाकर: अर्धीच घालतो तो.

चेतना: काय?

कमलाकर: नाही, म्हणजे...

चेतना: तुम्हाला कसं ठाऊक?

कमलाकर: मागच्या दारानं नेतो तो स्टिरॉइडची खोकी. दुखण्याच्या गोळ्याही आपल्याच. जुनं गिऱ्हाईक आहे गं. आपण नुसता माल देतो. कुटतो तो.

चेतना: चिठ्ठीशिवाय? माझं सर्टिफिकेट भिंतीवर टांगून, त्याच्याखालून? ओकारी येते मला, बाबा. तुमची, या दुकानाची, अंगावरच्या या एप्रनची.

कमलाकर: लोकांना आराम पडत होता.

चेतना: त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणा.

काशम्मा: काय गं, बापलेक भांडताय का? मालक, तुमी सांगा, पोरगी खरं बोलती का? वीस वर्सं तुमच्याच हातच्या गोळ्या खातीय मी.

कमलाकर: खरं बोलतीय, काशम्मा.

चेतना: रिक्षा आली. तुम्ही जायचं त्यांच्याबरोबर, बाबा. त्यात काय आहे ते सांगणारा दुसरा कोणी नाही.

कमलाकर: मी? डॉक्टरांसमोर?

चेतना: पुडी घ्या. कागदासकट.

कमलाकर: ...चला, काशम्मा. हात धरा माझा.

काशम्मा: दुकान सोडून माझ्यासंगट येताय? ताई, देवमाणूस हाय गं तुजा बाप.