भिंतीवर फोटो कोणाचा

आमच्या लालबागच्या फुटबॉल क्लबात जुन्या कोचांपैकी एकाचाच फोटो लावायचं ठरलं, तेव्हाची गंमत ऐका. आमचे हे कोच असताना टीम कायम हरायची. त्यांच्यानंतर दत्ता कोच झाला आणि त्याने कपाट भरून कप आणले.

सेक्रेटरी मला भर सभेत म्हणाला, "काकी, राग मानू नका, पण हरणाऱ्याचा फोटो कसा लावायचा?"

मी म्हटलं, "दत्ताचाच लाव. पण दत्ता, मेल्या, तू आमच्या ह्यांच्या टीममध्ये कोण होतास ते सांग की यांना."

"गोलकीपर."

"मग टीम हरायची कोणामुळे?"

दत्ता मान खाली घालून म्हणाला, "माझ्यामुळे. तरी सरांनी मला कधी बाहेर बसवलं नाही."

ह्यांच्या फोटोसाठी खिळा दत्तानेच ठोकला.