रंगुबाई खरात यांच्या बंद दाराबाबत

पोलीस ठाणे औंध
दि. ११ जानेवारी १९९८, रविवार

नाव प्रबुद्ध केरू बनसोडे, वय ३३ वर्षे, धंदा फोटो स्टुडिओ, जोडीला वृत्तपत्रांतून प्रवासलेखन, राहणार कोरेगाव, जि. सातारा.

मी आज रोजी स्वतःहून ठाण्यात आलो असून हवालदार नानासो जगदाळे यांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी व आईसह राहतो. सातारा व सांगली जिल्ह्यांत फिरून लिहिणाऱ्या लोकांचे ‘भटके मित्रमंडळ’ आहे, त्याचा मी चिटणीस आहे. सांगलीच्या शिक्षिका सौ. स्वप्ना आरवाडे या अध्यक्षा आहेत. सभासदांत शिरवळच्या कारखान्यातले कामगार आहेत, पोस्टातले आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत. सगळे हौशी आहेत. पूर्वी आम्ही एकमेकांचे लेख वाचून मनातल्या मनात जळत होतो, मंडळ झाल्यापासून समोरासमोर बसून चहा पितो.

मंडळाचा एक रिवाज आहे. एकाने नवे ठिकाण शोधून लिहिले, की बाकीच्यांनी तिथे जाऊन यायचे आणि आपापल्या साप्ताहिकात किंवा दिवाळी अंकात लिहायचे. त्याने ठिकाण नावारूपाला येते, लोक जायला लागतात, मागास भागाला चार पाहुणे दिसतात. महाबळेश्वरच्या पुढे आपल्या जिल्ह्यात काही आहे हे लोकांना कळावे, एवढाच आमचा हेतू होता व आहे.

औंधच्या पूर्वेला खरातवस्तीच्या वर एक माळ आहे. तिथे काळे दगड दोन ओळींत असे बसले आहेत, की पंगत मांडल्यासारखी दिसते. त्याला नाव नव्हते. ‘पंगतीचा माळ’ हे नाव मी दिले. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे एकटा फोटो काढायला गेलो होतो. बरोबर आणलेली पोळी-भाजी एसटीतच राहिली. माळावरून उतरलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती. वाटेवर पहिलेच घर रंगुबाई खरात यांचे लागले. वय अंदाजे सत्तर, धनगर समाजाच्या, एकट्याच राहतात, चार मेंढरे आहेत. दार उघडे होते.

त्यांनी माझे नाव विचारले नाही. आडनाव विचारले नाही. गाव विचारले नाही. “जेवलास का?” एवढेच विचारले. मी नाही म्हणालो. त्यांनी मला आत चुलीजवळ बसवून ज्वारीची भाकरी व हुलग्याचे पातळ, गरम माडगे दिले. ओळख नसलेल्या माणसाच्या घरात, चुलीइतक्या आत बसून जेवण्याचा योग मला त्या दिवसापर्यंत आला नव्हता. का आला नव्हता, असे हवालदार साहेबांनी विचारले नाही व मीही सांगितले नाही. मला फार बरे वाटले होते, हे मात्र लिहून घ्यावे.

त्यानंतर मी साताऱ्याच्या एका साप्ताहिकात लेख लिहिला. दगडांबद्दल कमी व रंगुबाईंबद्दल जास्त लिहिले गेले. सोबत त्या चुलीपुढे बसल्याचा फोटो दिला. लेखाच्या शेवटी वाचकांसाठी सूचना होती. ती मला पाठ आहे. “माळावर हॉटेल नाही, पण काळजी नको. रंगुबाई मावशी तुम्हाला ‘जेवलास का’ असे विचारतील. लाजू नका, बेधडक नाही म्हणा.”

रिवाजाप्रमाणे मंडळाच्या सर्व सभासदांनी जाऊन येऊन लेख लिहिले. सर्वांनी ही सूचना पुढे चालवली. डॉक्टरांनी तर माडग्याची कृती छापली. ठिकाण नावारूपाला आले. दर रविवारी पुण्याहून मोटारी येऊ लागल्या. फाट्यावर बाण काढलेली पाटी लागली, ती मंडळाने लावली. येणारे लोक रंगुबाईंना फोटोवरून ओळखत. त्या विचारत, लोक नाही म्हणत, त्या चूल पेटवत. आम्हाला त्याबद्दल अभिमान वाटत होता व तसे मासिक बैठकीत बोलून दाखवले जात होते.

आज मंडळाचा वार्षिक मेळावा माळावर ठेवला होता. सभासद व त्यांची कुटुंबे धरून एसटीच्या दोन गाड्या होत्या. जेवणाची काय सोय, असे बैठकीत निघाले होते, तेव्हा रंगुबाई आहेत की, असे मीच म्हणालो होतो. त्यांना आगाऊ कळवावे, असे कोणाच्याही मनात आले नाही. त्यांच्याकडे कळवून जायची कोणाला सवयच नव्हती.

आम्ही उन्हे डोक्यावर आली तेव्हा पोहोचलो. रंगुबाईंचे दार बंद होते. ते दार मी बंद असलेले कधी पाहिले नव्हते. कडी होती, कुलूप नव्हते. उंबऱ्यासमोर घागर पाण्याने भरून ठेवली होती, वर तांब्या पालथा घातला होता. मेंढरे नव्हती. सभासदांनी पाणी पिऊन घेतले व सावलीला बसले. काहींनी बंद दारापुढे उभे राहून फोटो काढून घेतले. मी मागे विहिरीकडे गेलो, तर काठावर रंगुबाईंच्या वहाणा दिसल्या.

मी ओरडलो. त्यांचे पुतणे मल्हार खरात शेजारच्या रानात होते, ते धावत आले. त्यांनी व मी मिळून विहिरीत गळ टाकून पाहिला, काही लागले नाही. त्या वेळी मंडळातील एका सभासदाने लांबून हाक मारून जेवायला किती वेळ लागेल, असे विचारले. त्यांचे नाव मी सांगू इच्छित नाही, कारण ते चांगले लिहितात.

मल्हार यांनी मला तिथेच बसवून सांगितले, की चुलती दोन महिने जात्यावर जास्तीचे दळत होती. वर्षाची ज्वारी मार्गशीर्षातच संपली, मग मल्हार यांच्या घरातून नेली, मग त्यांचीही सरत आली. मी म्हणालो, त्यांनी लोकांना तसे सरळ का सांगितले नाही. त्यावर मल्हार म्हणाले ते असे :

“आवं, आमच्याकडं कुनी जेवलास का म्हनलं, की जेवलो म्हनायचं असतं. खरंच पोटात काय नसंल तवाच न्हाई म्हनायचं. शेंबडं पोरगं बी हे जानतं. तुमी पेपरात उलटं छापलं.”

हे मला ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकत नाही. आमच्या घरीही असेच आहे. माझी आई दुसऱ्याच्या दारात उपाशीपोटी ‘आत्ताच जेवून आले’ असे म्हणते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. परंतु लेख लिहिताना ते आठवले नाही. लेख चांगला होत होता.

यावरून मी व मल्हार असे मिळेल त्या जीपने ठाण्यात आलो व रंगुबाई खरात बेपत्ता असल्याची खबर दिली. हवालदार साहेबांनी लगेच शिपाई व मल्हार यांना शोधासाठी पाठवले. सौ. आरवाडे मागाहून आल्या. पंगतीचा माळ पर्यटकांसाठी सुरक्षित आहे, असे जबाबात यावे, अशी त्यांची सूचना होती. ती आली आहे.

माझा कोणावर संशय आहे काय, असे विचारले असता, आहे असे मी सांगितले. नाव विचारले असता माझे सांगितले. हवालदार साहेब म्हणाले, पेपरात कौतुक छापल्याबद्दल कलम नाही, पुढचे बोला.

जबाब इथवर आला असताना शिपाई व मल्हार हे रंगुबाईंना घेऊन ठाण्यात आले. त्या सकाळपासून यमाईच्या देवळाच्या पायरीशी मेंढरे घेऊन बसल्या होत्या. देवीला जाताना वहाणा घालायच्या नाहीत म्हणून विहिरीवर पाय धुऊन तिथेच ठेवल्या होत्या. अंगावर इजा नाही. कोणाविरुद्ध तक्रार नाही. घर का सोडले, असे हवालदार साहेबांनी विचारले असता त्यांनी सांगितले :

“फाट्यावरच्या जीपवाल्यानं सांगितलं, आयतवारी दोन गाड्या भरून येत्यात. घरात मूठभर पीठ न्हाई. दारात मानूस उभा करून पीठ न्हाई म्हनायचं, हे माझ्या तोंडातनं निघंना सायेब. मग दारच सोडलं. पान्याची घागर तेवढी भरून ठिवली.”

दोन महिने त्रास होत होता तर कोणाला बोलला का नाहीत, असे विचारले असता, येणारे सगळे म्हणत होते जेवलो न्हाई, उपाशी माणसाला काय बोलणार, असे त्या म्हणाल्या. इतकी माणसे उपाशी का फिरतात, कुठे दुष्काळ पडलाय काय, असे त्यांनी हवालदार साहेबांना उलट विचारले. सौ. आरवाडे यांनी खिडकीकडे तोंड केले.

मी उठून उभा राहिलो. रंगुबाईंनी मला ओळखले. त्या म्हणाल्या,

“तू फोटुवाला न्हवं? त्वांड का सुकलंय रं? जेवलास का?”

मी सकाळी घरून चहा पिऊन निघालो होतो, त्यानंतर पोटात काही नव्हते. मी म्हणालो, “जेवलो, मावशी. आत्ताच जेवलो.”

त्या बाकावर टेकल्या व बरं झालं म्हणाल्या.

फाट्यावरची पाटी मी आजच काढणार आहे. बाकी माझे काही म्हणणे नाही.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम लिहिला गेला आहे. ‘जेवलो’ हे मी रंगुबाईंना खोटे सांगितले, ते खोडू का, असे साहेबांनी विचारले. खोडू नये, ते बरोबर आहे.

समक्ष सही
प्रबुद्ध केरू बनसोडे